चिलीम, चंची आणि स्कॅनर

रायगड जिल्ह्यातल्या दिघीच्या जेट्टीवर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वाट पाहत उभ्या असलेल्या लोकांत विडी शिलगावणारा एखादाच दिसतो. तंबाखू मळणारे मात्र बरेच असतात. आकडेही तेच सांगतात. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरणारे निघाले. धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण होते अवघे ३.८ टक्के. चिलीम, गुडगुडी, पाइप या गोष्टी तर वापरातून जवळजवळ गेल्याच. जाऊ देत. तंबाखूने किती घरे बुडवली हे टाटा कर्करोग रुग्णालयाच्या बाहेर तासभर उभे राहिले तरी कळते. पण सवय सुटली म्हणून तिचा पुरावाही भंगारात घालायचा का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

माळ्यावरच्या पितळी डबीत, देवळाच्या ओसरीवरच्या कोनाड्यात, दुकानाच्या जुन्या चोपडीत या सवयीचा इतिहास विखुरलेला असतो. तो गोळा करून एका इमारतीत ठेवणे दिघीसारख्या गावाला परवडणारे नाही. त्याच्या प्रतिमा, मोजमापे आणि हकिकती संगणकावर नीट लावून ठेवणे, म्हणजे डिजिटल संग्रह करणे, मात्र सहज शक्य आहे. जगात असे संग्रह आहेत. तंबाखूच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या जॉर्ज अ‍ॅरेंट्स यांनी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाला दिलेली पुस्तके आणि सिगारेटच्या पाकिटातून येणारी चित्रे आज घरबसल्या पाहता येतात. इंग्लंडात लिव्हरपूल विद्यापीठात मातीच्या पाइपांच्या अभ्यासाची कागदपत्रे जपणारे ‘नॅशनल पाइप अर्काइव्ह’ आहे. आणि तंबाखूवरचा जगातला सर्वात मोठा डिजिटल संग्रह शौकिनांचा नाहीच, तो कंपन्यांच्या विरोधात उभा राहिलेला आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये राज्ये आणि सिगारेट कंपन्या यांच्यात तडजोड झाली, कंपन्यांना आपली अंतर्गत कागदपत्रे उघडी करावी लागली, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००२ पासून ती सर्वांसाठी खुली केली. आज तिथे १ कोटी ४० लाखांहून अधिक दस्तऐवज आहेत. धूम्रपान घातक आहे हे कंपन्यांना किती आधीपासून ठाऊक होते, हे संशोधकांनी त्यांच्याच कागदांवरून दाखवून दिले. तंबाखूचे जुने कागद जपणारा माणूस तंबाखूचा भक्त असलाच पाहिजे असे नाही, हे यावरून कळावे.

आपल्याकडे अशा वस्तू जपण्याच्या वाटेने सर्वात आधी गेले ते दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०). ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने रोजच्या वापरातल्या वस्तूंमागे आयुष्य घालवले आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने पुण्यात संग्रहालय उभे केले. १९७५ मध्ये ते राज्य सरकारच्या स्वाधीन केले. वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या त्या पसाऱ्यात अडकित्ते आहेत, पानदाने आहेत, दिवे, दौती, हुक्के आहेत. अडकित्त्यासारखी क्षुल्लक वस्तू संग्रहालयात ठेवण्याजोगी आहे हे महाराष्ट्राला केळकरांनी पटवले. तरीही कुठल्याही कपाटबंद संग्रहाला जी मर्यादा असते ती त्यांच्याही संग्रहाला आहे. कपाटात देखणी वस्तू आधी जाते. बिदरी कामाचा हुक्का, म्हणजे जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेला, बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने काळा केलेला आणि चांदीच्या तारेने मढवलेला, तो लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांतही आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्याकडच्या लाखो वस्तूंची छायाचित्रे मुक्त वापरासाठी खुली केली. त्यांत दख्खनचे हुक्केही पाहायला मिळतात. नारळाच्या करवंटीची गुडगुडी मात्र कोण जपणार? ती फुटली की चुलीत गेली. आणि कोकणातल्या बायकांची मिश्री? तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि पहाटे दातांना लावायची. त्या तव्याला आणि डबीला संग्राहक सापडणे कठीण. तंबाखूच्या वस्तूंचे बहुतेक जुने संग्रह हे श्रीमंत पुरुषांच्या बैठकीचे संग्रह आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. डिजिटल संग्रहाला कपाट लागत नाही, त्यामुळे ही सबबही उरत नाही.

आता चिलीमच हातात घेऊन पाहू. कुंभाराने घडवलेली मातीची नळी, वर रुंद आणि खाली निमुळती. रुंद तोंडातून आत एक खडा टाकतात. तो निमुळत्या भागाच्या तोंडाशी अडकून बसतो, म्हणजे तंबाखू खाली ओढली जात नाही आणि धुराला वाट राहते. वर तंबाखू, तंबाखूवर निखारा. खालच्या टोकाला ओल्या फडक्याची पट्टी गुंडाळतात, ती छापी. छापीमुळे धूर थोडा निवतो, आणि एकच चिलीम चौघांत फिरली तरी ओठ मातीला लागत नाहीत. निखारा जवळ नसेल तर चकमकीचा बटवा निघायचा: लोखंडाचा तुकडा, गारगोटी आणि ठिणगी धरणारा कापूस. संग्रहालयात ठेवलेल्या चिलमीत खडा बहुधा नसतो. छापी तर नसतेच. काचेमागे दिसते ती एक भाजलेली नळी, आणि ती कशी चालायची याची तिच्यात खूण राहत नाही. म्हणून चिलमीचे छायाचित्र काढून काम भागत नाही. ज्या म्हाताऱ्याला ती भरता येते त्याला ती रिकामीच भरून दाखवायला सांगावे, त्याचे हात चित्रफितीत धरावेत, तो काय बोलतो ते तसेच्या तसे उतरवावे. तंबाखू पेटवायची गरज नाही.

वस्तूपेक्षा वर्णन जास्त टिकते याचे एक ठळक उदाहरण दख्खनमधलेच आहे. अकबराचा दूत असद बेग विजापूरला आला होता. तिथे त्याने तंबाखू प्रथमच पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास ती आग्र्याला दरबारात नेली. सोबत नेलेल्या नळीचे त्याने बारकाईने वर्णन लिहून ठेवले आहे: रत्ने जडवलेली, मीनाकारी केलेली, तोंडात धरायच्या टोकाला येमेनी अकीक. अकबराने चार झुरके घेतल्यावर हकिमांनी कशा हरकती घेतल्या आणि आपण त्यांच्याशी कसा वाद घातला, तेही त्याने लिहिले. ती नळी आज आपल्यासमोर नाही. पण हिंदुस्थानातल्या तंबाखूचा इतिहास लिहिणारा प्रत्येक जण असद बेगच्या त्या पानांपाशी येतोच.

मोजमापाचे महत्त्व मात्र मातीच्या युरोपीय पाइपांनी शिकवले. सतराव्या शतकात तंबाखू महाग होती, म्हणून पाइपांच्या वाट्या लहान असत. तंबाखू स्वस्त झाली तशा वाट्या मोठ्या होत गेल्या. नळ्याही लांबत गेल्या, आणि लांब नळीतून आरपार बारीक छिद्र पाडण्याचे कसब कारागिरांना साधत गेले. १९५४ मध्ये अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी काळ ठाऊक असलेल्या ३३० पाइपांच्या नळ्यांची छिद्रे इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजली. जुन्यात जुन्या नळ्यांचे छिद्र ९ भागांचे, अठराव्या शतकाच्या अखेरीच्या नळ्यांचे ४ भागांचे. त्यावर १९६२ मध्ये लुईस बिनफर्ड यांनी सूत्रच मांडले: सरासरी छिद्राला ३८.२६ ने गुणा, गुणाकार १९३१.८५ मधून वजा करा, साल मिळते. १७८० नंतरच्या तुकड्यांना हे सूत्र लागू पडत नाही, आणि मूठभर तुकड्यांवर ते लावणे म्हणजे निव्वळ अंदाज. पण उकिरड्यावरच्या तुटक्या नळ्यांवरून वसाहतीचा काळ ठरू लागला तो कुणीतरी छिद्रे मोजून लिहून ठेवली म्हणून. आपल्याकडच्या चिलमींची अशी मोजणी केली तर काय हाती लागेल, ते मोजल्यावरच कळेल. तूर्त एवढेच करावे की छायाचित्रात वस्तूशेजारी सेंटीमीटरची पट्टी ठेवावी आणि छिद्राचा व्यास कॅलिपरने मोजून नोंदवावा. पट्टीशिवाय काढलेले छायाचित्र अभ्यासाला अर्धेच उपयोगी पडते.

कागदी वस्तूंचा काळ ठरवणे त्याहून सोपे आणि, मला विचाराल तर, जास्त मजेचे. विडीच्या कट्ट्यावरचे लेबल घ्या. किंमत आण्यात असेल तर ते १९५७ च्या आधीचे, फार तर त्यानंतरच्या संधिकाळातले. त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. पत्त्यात पिन कोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. ‘जि. कुलाबा’ छापले असेल तर बहुधा १९८१ च्या आधीचे, कारण त्या साली जिल्ह्याचे नाव रायगड झाले. सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा आला १९७५ च्या कायद्याने, इशाऱ्याचे चित्र आले ३१ मे २००९ पासून, आणि १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापला. कोपऱ्यातल्या बारकोडवरूनही अंदाज बांधता येतो. लेबलवर तारीख कुठेच नसते, तरी ते आपले वय सांगून जाते. पण त्यासाठी अख्खे लेबल, कडेच्या बारीक अक्षरांसकट आणि मागच्या बाजूसह, वाचता येईल असे स्कॅन झालेले हवे. मधले चित्र तेवढे कापून ठेवणारे हौशी लोक नेमका पुरावा फेकून देतात.

लेबले बदलतात तीही एकेका कारणाने. पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीची ‘संभाजी विडी’ कित्येक वर्षे गावोगावच्या टपरीवर होती. विडीच्या कट्ट्यावर छत्रपतींचे नाव नको म्हणून आंदोलन झाले, २०२० मध्ये कंपनीने नाव बदलण्याचे जाहीर केले आणि पुढे ती ‘साबळे विडी’ झाली. आंदोलकांची भावना रास्तच होती. पण बदल झाला हे पुढच्या पिढीला दाखवायचे तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कट्टे संग्रहात असायला हवेत.

दिघीपुरते बोलायचे तर नोंद करणाऱ्याची पहिली अडचण गावाच्या नावापासूनच सुरू होते. ‘दिघी’ असा शोध घेतला तर पुण्याजवळची, पिंपरी-चिंचवडची दिघी आधी समोर येते. आपली दिघी श्रीवर्धन तालुक्यातली, राजपुरी खाडीच्या दक्षिण तोंडावरची, जंजिऱ्याच्या समोरची. १९४८ पर्यंत ती सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होती, मग कुलाबा जिल्ह्यात आली, आता रायगडात आहे. म्हणजे १९३० सालचा जकातीचा कागद संस्थानाच्या दप्तरात शोधावा लागेल, १९६० सालचा ‘कुलाबा’ म्हणून आणि आजचा ‘रायगड’ म्हणून. यावर उपाय असा की नोंदीत कागदावरचे मूळ नाव, आजचे नाव आणि अक्षांश-रेखांश ही तिन्ही द्यावीत. अक्षांश-रेखांशाला सरकार बदलले काय आणि जिल्हा बदलला काय, फरक पडत नाही. विडी-बिडी, तंबाखू-तमाखू, हुक्का-गुडगुडी हे पर्यायही शोधशब्दांत भरावेत, नाहीतर निम्मा संग्रह कुणाला सापडायचाच नाही.

दुसरी अडचण हवेची. या किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत पत्र्याला गंज, कागदाला बुरशी आणि कसर, लाकडाला वाळवी ठरलेलीच. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले-पत्रे उडाले. छप्पर उडालेल्या घरात पावसाचे पाणी ज्या ट्रंकांत शिरले, त्यांत खतावण्या होत्या, जहाजावर गेलेल्या माणसांची पत्रे होती, फोटो होते. या पट्ट्यातली कोळी आणि कोकणी मुसलमान घरातली माणसे पिढ्यान् पिढ्या समुद्रावर आणि आखातात जात आली आहेत. अशा घरात परदेशी पाइप-तंबाखूचा पत्र्याचा डबा सुईदोऱ्यासाठी वापरात असला तर नवल नाही. तो डबा पुढच्या वादळापर्यंत टिकेलच याची हमी नाही.

तंत्र फार अवघड नाही. सपाट कागद स्कॅनरवर, निदान ६०० डीपीआयला. चिकटलेले लेबल सोलायचे नाही, डब्यासकट छायाचित्र घ्यायचे. डबा, डबी, चंची, अडकित्ता यांची सहाही बाजूंनी छायाचित्रे, खिडकीतून येणाऱ्या मऊ उजेडात. फ्लॅश मारला की पत्रा चकाकतो आणि अक्षरे जातात. शेजारी पट्टी आणि रंगांचा तक्ता. मूळ प्रत टिफ स्वरूपात, तिला पुन्हा हात लावायचा नाही. पाहायला-पाठवायला जेपेग प्रत वेगळी. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक आणि फाइलला तेच नाव. ‘आजोबांचा हुक्का नवीन फायनल २’ अशा नावाच्या फायली वर्षभरात कुणालाच कळेनाशा होतात. नोंदीच्या रकान्यांसाठी जगभरच्या ग्रंथालयांत ‘डब्लिन कोअर’ नावाचा पंधरा रकान्यांचा साचा वापरतात. शीर्षक, कर्ता, काळ, स्थळ, हक्क वगैरे. तो तसाच उचलावा, नवा शोधत बसू नये. छापील देवनागरी संगणक आता बऱ्यापैकी वाचतो. मोडीतल्या चोपड्यांना अजूनही जाणता वाचकच गाठावा लागतो. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक किनाऱ्यापासून दूर, पुण्यात किंवा नागपुरात. निसर्गनंतर गावेच्या गावे कित्येक दिवस अंधारात होती. घरातल्या एका हार्ड डिस्कवर सगळा भरवसा टाकणे शहाणपणाचे नाही. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला आकडा, काढून ठेवावा. वर्षाने तो पुन्हा काढून जुळवला की फाइल आतून बिघडली का ते समजते.

कायद्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि निनावी कामासाठी प्रसिद्धीनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. तंबाखूच्या जाहिरातीला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा जुनी जाहिरात संग्रहात जाताना तिच्या सालासह, संदर्भासह जावी, आणि संग्रहाने कुठल्याही विक्रेत्याचा पैसा घेऊ नये. घरगुती फोटोतल्या हयात माणसांची परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नकोच.

आणि संग्रहात फक्त ओढणाऱ्यांचा शौक भरला तर तो लंगडाच राहील. विडी वळणाऱ्या सिन्नरच्या आणि गोंदियाच्या बायका, तेंदूपाने खुडणारी गडचिरोलीची कुटुंबे, तंबाखू पिकवणारे निपाणीचे शेतकरी हे सगळे त्याच कट्ट्यात बांधलेले आहेत. निपाणीत १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी आंदोलन केले, पोलिसांच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. तिथल्याच तंबाखू कारखान्यांत धुळीने काळवंडून जाणाऱ्या कामगार बायकांच्या संघर्षावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. त्या फिल्मचे डिजिटल पुनरुज्जीवन झाले ते बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेत. सीमाभागातल्या मराठी कामगार बायकांचा आवाज वाचवायला जर्मनीची संस्था पुढे आली याबद्दल तिचे आभार मानावेत, आणि आपल्या विद्यापीठांना मात्र जाब विचारावा.

दिघी-बोर्ली-श्रीवर्धन या टापूतल्या एखाद्या शाळेने किंवा महाविद्यालयाने हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करायला हरकत नाही. एक स्कॅनर, एक बरा मोबाइल, सेंटीमीटरची पट्टी आणि चार चौकस मुले एवढे पुरते. घरी जुनी चिलीम, तपकिरीची डबी, चंची, मिश्रीचा तवा, विडीचा रिकामा कट्टा असे काही सापडले तर वाचकांना एकच विनंती: ते घासूनपुसून चकचकीत करू नका. अमेरिकेत अलाबामा राज्यात सापडलेल्या तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या दगडी नळीत निकोटिनचे अंश मिळाले, ते तिच्या आतला थर तसाच राहिला म्हणून. आधी फोटो काढा, मग घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसाजवळ बसून विचारा की ही कुणाची, कुठून आणली, कशी वापरायचे, तंबाखू कुठल्या दुकानातून यायची आणि ती कधी सुटली. उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून ठेवा.